कफन नको, पेनल्टी मारा

गोल माझ्यामुळेच झाला. हे आधीच सांगून टाकतो.

शेवटची मिनिटं. एक-एक बरोबरी. त्यांच्या बॅकने लांबून एक बॉल टाकला. शॉट पण नव्हता तो, क्रॉस पण नव्हता, नुसता हवेत ढकललेला बॉल. असला बॉल मी झोपेत धरतो. छातीवर आला, हातात बसला, आणि हातातून निसटून पायांमधून मागे गेला. जोरात गेला असता तर बरं होतं. हा गोगलगायीसारखा गेला. मी वळून झेप घेतली तोवर रेष ओलांडली, आणि जाळीला पण टेकला नाही, मध्येच थांबला. सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून थांबल्यासारखा.

आमचा गराम पुत्रा एक, बिंतांग सलात दोन.

आता इंडोनेशियातल्या आमच्या मदुरा बेटावर एक गंमत आहे. स्ट्रायकर मोकळ्या गोलसमोरून बाहेर मारतो, तेव्हा लोक म्हणतात नशीब फुटकं. बॅक घसरून पडला तर मैदान खराब. पण गोलकीपरच्या हातून बॉल सुटला, तर त्याने पैसे खाल्ले. गोलकीपर चुकू शकतो हे कुणाला मान्यच नाही. मी मैदानाबाहेर जात होतो तर स्टँडमधून ढोल थांबला आणि अख्खा स्टँड एका सुरात म्हणायला लागला, "किती घेतलेस? किती घेतलेस?" चाल पण छान बसवली होती. एवढ्या लवकर कशी बसवली माहीत नाही.

ढोल मत्रावीचा. मत्रावी म्हणजे आमच्या पाठीराख्यांचा म्होरक्या. बाजारात त्याचं सलून आहे, वस्तरा हातात घेऊन फुटबॉलवर बोलतो, त्यामुळे कुणी उलट बोलत नाही. माझी दाढी मिसरूड फुटल्यापासून तोच करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दहा-बारा जणांना घेऊन आमच्या दारात.

"होस्नान, बाहेर ये."

"जेवतोय, बांग." मोठ्या माणसाला आम्ही बांग म्हणतो, म्हणजे दादा.

"जेव जेव. आम्ही थांबतो. पोटभर जेव, आता तुला कमी काय आहे."

मी उठायच्या आत आई बाहेर गेली. आई मिठागरात काम करते. पाय कायम फुटलेले, आवाज त्याहून फुटलेला.

"मत्रावी, माझ्या दारात उभा राहून माझा भात मोजतोस काय? सुकी मासळी आणि मिरची आहे. ये, बघून जा."

"एबू," आईला मान देत तो म्हणाला, "आम्ही तुमच्याशी नाही बोलत."

"मग माझ्या अंगणात कशाला बोलता? रस्त्यावर जा नि बोला."

मत्रावी दोन पावलं मागे सरकला, पण गेला नाही. मी हात धुऊन बाहेर आलो. तो म्हणाला, "हे बघ, लोक तुझं घर जाळायचं म्हणत होते. मी म्हणलं, नाही. आपली रीत आहे. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीत ये. शपथ घे. कफन आम्ही आणतो."

ती रीत म्हणजे ही. आरोप असलेल्या माणसाला जिवंतपणी कफनात गुंडाळतात. मयताला बांधतात तसं, डोक्यावर, कमरेला, पायाशी गाठी. मग सगळ्यांसमोर मशिदीत झोपवतात. त्या अवस्थेत तो शपथ घेतो, की मी हे केलेलं नाही. खोटी शपथ घेतली तर ते कफन लवकरच खरं होतं, असं सगळे मानतात. मी पण मानतो. आमच्या गल्लीत एकाने गाय चोरली नाही म्हणून अशी शपथ घेतली होती. तो अजून जिवंत आहे, पण कुणी त्याच्या शेजारी बसत नाही. म्हणजे शपथ घेऊनही काय मिळालं?

"लांब आणा," मी म्हणलं. "मी उंच आहे."

मत्रावी हसला नाही. "रविवारी शेवटचा सामना आहे. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये. शपथ घेतलीस तर गोलमध्ये उभा राहा. नाही घेतलीस तर तुला त्या मैदानाचं गवत पण बघू देणार नाही. या बेटावरच्या कुठल्याच मैदानाचं."

ते गेले. आई म्हणाली, "घे की शपथ. खाल्लेस का पैसे?"

"नाही."

"मग भ्यायचं काय त्यात? घे नि ये. कफन धुवायला मात्र मला सांगू नकोस."

तिला सांगता येईना. शपथेत म्हणायचं असतं, मी तो बॉल जाणूनबुजून सोडला नाही. आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं. पैसे खाल्ले नाहीत, ते मी दहा कफनांत गुंडाळून सांगेन. पण सोडला नाही? हात सैल झाले होते. मला आठवत होतं, ते घसरले नव्हते. सैल झाले होते.

हे मी फक्त पाक वोवोरना सांगितलं; पाक म्हणजे आमच्याकडे सर. ते आमचे गोलकीपरांचे कोच, दूरच्या मनाडो शहरातले, म्हातारे, ख्रिस्ती. स्वतः वीस वर्षं गोलमध्ये उभे होते, हाताचं एक बोट सरळ नाही. मी वयाच्या बाराव्या वर्षापासून गावोगावच्या चषकांत खेळत होतो, गल्लीतल्या खेळाडूंना कोंबडी-बकरी बक्षीस मिळायची त्या चषकांत. तिथून समुद्रापलीकडच्या कालिमंतानच्या एका क्लबने उचललं आणि तीन हंगाम बाकावर बसवलं. तीन हंगामांत दोन सामने. एकदा पहिल्या गोलकीपरला जुलाब झाले म्हणून, एकदा त्याची बायको बाळंत झाली म्हणून. तेव्हा रोज देवाकडे मागायचो, याला अजून काहीतरी होऊ दे. मग परत बेटावर आलो, गराम पुत्राने घेतलं, आणि पाक वोवोरनी मला उभं राहायला शिकवलं. उडायला सगळे शिकवतात. उभं राहायला कुणी शिकवत नाही.

मंगळवारी सरावात ते मला बॉल मारत होते आणि मी सगळे पकडत होतो. म्हणजे हात ठीक होते.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "सूर्य डोळ्यांत?"

"सूर्य गेला होता, पाक. मगरिबची अजान झाली."

"मग?"

"गावच्या चषकात अजान झाली की खेळ थांबतो. रेफरीने शिट्टी मारायची पण गरज नाही. बॉल कुठेही असो, मेला. लहानपणापासून तेच. परवा सामना उशिरा सुरू झाला ना, आपल्या क्लबच्या हाजी साहेबांचं भाषण संपेना म्हणून. बॉल हातात आला आणि त्याच क्षणी मागून अजान सुरू झाली. हातांना वाटलं, संपलं."

पाक वोवोरनी बॉल उचलून काखेत घेतला. मग म्हणाले, "मूर्ख आहेत तुझे हात."

"हो."

"पण चोर नाहीत. हे जाऊन सांग ना सगळ्यांना."

"नाही."

"का?"

"मशिदीच्या माथी मारल्यासारखं होतं ते. लीगमध्ये अजानला खेळ थांबत नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्या स्ट्रायकरला पण अजान ऐकू आली, तो पळतच होता. तो पण मदुराचाच आहे. लक्ष माझं गेलं."

मी सांगणार नव्हतो, पण म्हातारा हाजी साहेबांना सांगून आला. माझं भलं करायला गेला. बुधवारी हाजी सुब्हाननी मला तंबाखूच्या गोदामावर बोलावलं. ते क्लबचे मालक, आणि पुढच्या निवडणुकीला उभे राहणार हे बेटावरच्या बकऱ्यांना पण माहीत. गोदामात तंबाखूचा वास एवढा की बोलण्याआधीच खोकला येतो.

"ये, चोंग, बैस. कॉफी घे." चोंग म्हणजे पोरा; इतक्या गोड आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तू आधी का नाही सांगितलंस?"

"काय, पाक हाजी?"

"अरे, अजान ऐकली आणि तू बॉल सोडलास. सगळी दुनिया बॉलच्या मागे आणि आमचा गोलकीपर..." त्यांनी दोन्ही हात हळूच खाली सोडून दाखवले. डोळे पण मिटले. "केवढी मोठी गोष्ट आहे ही. मी बॅनर छापायला सांगितलेत. तुझा फोटो, माझा फोटो. शपथ वगैरे सगळं रद्द. मत्रावीच येऊन तुझा हात चुंबेल."

खोटं नाही सांगत, एक मिनिट मला बरं वाटलं. फोटो कुठला घेतला असेल असं पण मनात आलं. मग मला तो बॅनर दिसला, मशिदीसमोर टांगलेला, आणि खाली उभी माझी आई. तिला माहीत आहे मी जुम्मा सोडून कधी नमाजाला उठतो. तिने एकदा माझ्या अंगावर बादली ओतली आहे.

"असं झालं नाही ते, पाक हाजी."

"अजान झाली की नाही?"

"झाली."

"बॉल सुटला की नाही?"

"सुटला."

"मग?"

"मी सोडला नाही. माझं लक्ष उडालं. धर्माचा संबंध नाही. मी त्या वेळी देवाचा विचारच करत नव्हतो, बॉलचा पण नव्हतो, मी कसलाच विचार करत नव्हतो. तीच तर चूक."

"हे बघ." गोडवा थोडा कमी झाला. "लोकांना गोष्ट लागते. एक तर तू चोर, नाहीतर तू भला माणूस. तिसरं काही त्यांना समजत नाही."

"तिसरं म्हणजे मी त्या दिवशी वाईट खेळलो."

"वाईट गोलकीपर घेऊन मी काय करू?"

"एक वाईट गोल, पाक हाजी. या हंगामात माझे नऊ सामने असे आहेत की एक गोल नाही खाल्ला. त्याचा बॅनर छापा."

ते उठले. "शुक्रवारी कफन किंवा बॅनर. दोन्ही नको असेल तर रविवारी फिक्री उभा राहील गोलमध्ये." फिक्री म्हणजे आमचा दुसरा गोलकीपर. उंचीने कमी, पण पोरगा चांगला. तो बाहेर गोदामाच्या पायरीवरच बसला होता. त्यालाही बोलावून ठेवलं होतं, मला दिसावा म्हणून.

"बांग," तो हळूच म्हणाला, "मला नाही उभं राहायचं असं."

"गप बस. मिळालं तर उभा राहा. मी पण कुणाच्या तरी जुलाबांवर उभा राहिलोय."

शुक्रवार आला. मशीद मैदानाच्या समोरच आहे, मध्ये फक्त रस्ता. नमाज पढलो, सगळ्यांच्या मध्ये बसून. माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. नमाज झाल्यावर अंगणात मत्रावी कफन घेऊन उभा होता, नवं कोरं, घड्या न मोडलेलं, खरंच लांब आणलं होतं. बायका भिंतीवरून बघत होत्या. मशिदीचे मौलवी, आमचे कियाई, ओसरीवर बसले होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मी कुणाला जबरदस्तीने झोपवणार नाही, तो स्वतः आला तरच.

मी चपला घातल्या आणि मत्रावीसमोरून सरळ चालत गेलो. रस्ता ओलांडून मैदानात.

"पळाला," कुणीतरी म्हणालं.

मी गोलमध्ये जाऊन उभा राहिलो. लुंगी काढून खांबाला टांगली, आत चड्डी घालूनच आलो होतो. ग्लोव्हज चढवले. पाक वोवोर कुंपणाशी सिगारेट ओढत बसले होते, त्यांना मी सकाळीच सांगितलं होतं बॉलची जाळी आणायला. त्यांनी पेनल्टीच्या ठिपक्यावर एक बॉल ठेवला आणि पुन्हा सिगारेट ओढायला लागले.

आता मशिदीत बघायला काहीच उरलं नव्हतं. त्यामुळे सगळी गर्दी इकडे आली. मत्रावी काखेत कफन मारून सगळ्यांत पुढे.

"हा काय तमाशा?"

"बांग, मी कफन घालणार नाही. मेल्यावर घालीन, तेव्हा तू ये. मी पैसे खाल्ले असं ज्याला वाटतं त्याने इथे यावं आणि मला पेनल्टी मारावी. मी अडवायचा प्रयत्न करीन. गेला तर त्याने स्वतः सांगावं, मी सोडला की त्याने मारला."

"याने काय सिद्ध होतं?"

"काही नाही. तू भितोस का?"

मागून हसण्याचा आवाज आला. मग एक रिक्षावाला पुढे आला, नाव हामदी, पोट हे एवढं. काळी टोपी नीट केली, लुंगी गुडघ्यावर खोचली, अनवाणी धावत येऊन मारला. बॉल माझ्या हातात आणि हामदी अंगठा धरून खाली.

"अल्ला, दगड भरलाय की काय आत."

मग रांगच लागली. खरंच सांगतो, रांग. जुम्म्याच्या कपड्यातली माणसं, अत्तर लावलेली, लुंग्या खोचून. मिठागरातले, बंदरावरचे, शाळेचे मास्तर. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि बॉल कॉर्नरच्या झेंड्याकडे मारला. बरेच अडवले. काही गेले. एकाचा तर माझ्या गुडघ्याला लागून आत गेला, असला फालतू गोल की मलाच लाज वाटली. प्रत्येक गोलनंतर मी विचारायचो, "हा किती घेऊन सोडला मी?"

आणि गंमत अशी, की एकानेही म्हणलं नाही की सोडलास. एकानेही. बंदरावरचा एक म्हातारा, दात नाहीत, त्याचा बॉल माझ्या हाताखालून गेला, तर तो हात वर करून मैदानभर फिरला. "उजव्या कोपऱ्यात बघत होतो, डावीकडे मारला," असं ज्याला त्याला सांगत होता. खरं तर तो कुठेच बघत नव्हता.

शेवटी मत्रावी उरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने कफन शेजारच्याच्या हातात दिलं. तरुणपणी तो उजव्या बाजूने खेळायचा, चषकात तीन बकऱ्या जिंकलेला माणूस. त्याने बॉल उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. मागे गेला.

मी त्याचा अडवायचाच असं ठरवलं होतं. इतर कुणाचाही गेला तरी चालेल, याचा नाही.

त्याने मारला. डावीकडे, खाली, खांबाला लागून. मी बरोबर ओळखलं, पूर्ण ताणून गेलो, बोटांची टोकं लागली, आणि बॉल खांबाच्या आतल्या बाजूला लागून आत. तोंडात माती गेली माझ्या.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "सोडला त्याने. घाबरला तुला."

मत्रावी गर्रकन वळला. "कोण म्हणालं सोडला?"

ओरडणारा दुसऱ्यांच्या मागे दडला.

"समोर ये. सोडला म्हणे. खांबाला लावून मारलाय मी. खांबाला. बघितलंस का कशी झेप घेतली त्याने? बोटं लागली त्याची, विचार त्याला. लागली ना रे?"

"लागली," मी मातीतूनच म्हणलं.

"ऐकलं? त्याने जीव काढला आणि तरी मी मारला. आजवर असा कुणी मारला नसेल इथे. सोडला म्हणतोस? आण ते कफन, मी झोपतो. मी घेतो शपथ की याने सोडला नाही."

त्याला कळायच्या आधी गर्दीला कळलं. आधी रिक्षावाला हामदी हसला, मग बाकीचे. कफन धरलेला माणूस ते दोन्ही हातांनी पुढे करून उभा होता, "झोप की, बांग, झोप." मत्रावीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला पण हसू आलं, पण दातांत माती होती.

तो माझ्याजवळ आला. हात पुढे केला नाही. हळूच म्हणाला, "रविवारचा तो बॉल मात्र तू सोडलास."

"हातातून सुटला. माझी चूक. त्यापलीकडे काही सांगणार नाही, मशिदीत पण नाही नि इथे पण नाही. मैदानातून काढायचं तर वाईट खेळलो म्हणून काढ. चोर म्हणून नाही."

त्याने कफन परत काखेत मारलं. मग हाजी सुब्हानच्या गाडीकडे गेला. ते रस्त्यावर गाडीतच बसून होते, काच खाली करून. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. बॅनर नंतर कुठे दिसले नाहीत. आणि रविवारी टीमच्या कागदावर एक नंबरसमोर माझं नाव होतं.

आता तुम्हाला वाटेल मी त्या रविवारी सगळं अडवलं. नाही. दोन-दोन झाला सामना. वर गेलो नाही आम्ही. एक शॉट मी तोंडाने अडवला, तो लोकांना आवडला. पहिल्या गोलला माझा काही दोष नव्हता. दुसरा कॉर्नरवरून आला, मी बाहेर यायचं की नाही असा विचार करत मध्येच उभा राहिलो आणि त्यांच्या बॅकने माझ्या डोक्यावरून आत टाकला.

आणि काय शिव्या पडल्या. लाकडाचे हात आहेत तुझे. मीठ वेचायला जा. तुझ्याजागी कोंबडी बांधली असती तर बरं. आईवरून, आज्यावरून. पूर्ण सामनाभर मी कान देऊन ऐकत होतो. किती घेतलेस, असं कुणी म्हणत नव्हतं. एकजण पण नाही.

बाहेर जाताना मत्रावी जिन्याशी ढोल गळ्यात घालून उभा होता. डोळे लाल.

"दुसरा गोल तुझा होता. कॉर्नरला बाहेर यायचं असतं, गाढवा."

"हो. माझाच होता."

"वर्ष गेलं आमचं. शरम वाटते का?"

"वाटते. घरी जाऊन अजून वाटेल. आता सर बाजूला, मला आंघोळ करायचीय."